पांढऱ्या पिठाचे उखळ

मित्रांनो, मी एक जुने उखळ आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी फार थकले आहे. थकलेल्याची गोष्ट सावकाश चालते. तुम्हाला तहान लागली असेल तर जा, पाणी पिऊन या. मी इथेच आहे. उखळ कुठे जाणार?

मी आधी एक झाड होते. काम्फेंगा गावाच्या वरच्या डोंगरात माझी मुळे दगडांत रुतलेली होती. मला तोडून एका म्हाताऱ्या सुताराने माझे पोट कोरले. छिन्नी चालेना तिथे त्याने निखारे ठेवून लाकूड जाळले, मग खरवडले, मग भुईमुगाचे तेल चोळले. काम करताना तो मला म्हणायचा, "उखळाचं पोट खोल हवं आणि ओठ जाड. खूप खायचं, पण बोलायचं काही नाही." त्याचे मी आयुष्यभर ऐकले. आज प्रथमच मोडते आहे.

झेलिफाच्या लग्नात मी तिच्या अंगणात आले. आमच्याकडे मुलगी लग्नानंतर घर सोडत नाही, जावईच तिच्या गावी राहायला येतो. त्यामुळे सासूला जावयाचे कौतुक असते आणि धाकही असतो. तो रुसला तर गाठोडे उचलून आपल्या आईच्या गावी चालू लागेल. सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत. तो समोरून आला की ती उठून आत जाते. हा राग नव्हे, आदर आहे. काही सांगायचेच असेल तर मामाच्या तोंडून सांगायचे.

माझे काम सकाळी सुरू व्हायचे. माझ्या पोटात मक्याचे दाणे पडत, वर थोडे पाणी शिंपडले जाई, आणि दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारत. एकीचे वर गेले की दुसरीचे खाली. गाणे लांबले की एखादी मधेच मुसळ हवेत सोडून टाळी वाजवायची आणि पुन्हा झेलायची. दाण्यांचे साल आणि टोकाचा कोंब सुटून यायचा, तो सुपाने पाखडून वेगळा करायचा. तो कोंडा. उरलेले पांढरे कण पाण्यात आंबेपर्यंत भिजत घालायचे, ते पाणी ओतून द्यायचे, कण उन्हात वाळवायचे आणि पुन्हा माझ्यात कुटायचे. मग जे पीठ व्हायचे, ते कापसासारखे पांढरे. त्याची न्सिमा, म्हणजे घट्ट शिजवलेला पिठाचा गोळा, ताटात चंद्रासारखी दिसायची.

कोंडा मात्र कोंबड्यांना जायचा. झेलिफाच्या कोंबड्या साऱ्या गावात तुकतुकीत होत्या. त्याचा अर्थ त्या काळी कोणी लावला नाही. मी तर लाकूड.

लोक पिठाची तारीफ करत. "झेलिफाचं पीठ म्हणजे बगळ्याचं पीस," असे विहिरीवरच्या बायका म्हणायच्या. थोडी तारीफ माझ्याही वाट्याला यायची. माझे ओठ गुळगुळीत झाले, पोट दरवर्षी थोडे खोल गेले. प्रत्येक घावाबरोबर माझ्यातले काहीतरी पिठात जात होते, पण उखळाने याचे दुःख करायचे नसते.

मग उपासमारीचे वर्ष आले. मका कणसातच जळला. त्या वर्षी गावाने कोंडा खाल्ला. झेलिफाही, तिच्या मांडीवरची मदालो नावाची मुलगीही, आणि तिचा नवराही. एका दुपारी नवऱ्याने ताटातला तो भुरा गोळा बोटाने ढकलला आणि म्हणाला, "हे कोंबड्यांचं आहे." थोड्याच दिवसांत तो दक्षिणेच्या खाणींत कामाला गेला. तो परत आला नाही.

झेलिफा रडली नाही. तिने फक्त एक गोष्ट मनात घट्ट बांधली: कोंडा ताटात आला की पुरुष दारातून जातो. त्यानंतर तिच्या घरात कोंड्याचा एक कणही शिजला नाही.

वर्षे गेली. बाजारात दळणाची गिरणी आली. शेजारची उखळे एकेक करून चुलीत गेली. एक कोंबड्यांचे खुराडे झाले. मलाही पाऊस लागला, माझ्या अंगाला कमरेपासून खाली चीर पडली. तरी झेलिफाने मला सोडले नाही. शेवटचे दळण गिरणीत झाले तरी साल काढायचे काम ती माझ्याकडूनच करून घ्यायची. गिरणीच्या पिठात कोंडा राहतो, असे तिचे म्हणणे. मदालोचे लग्न ठरले तेव्हा तर तिने कण आणखी एक दिवस भिजत ठेवले. "जावयाच्या ताटात डाग नको," ती म्हणाली. हात तिचेही थकले होते. आम्ही दोघी एकदमच म्हाताऱ्या होत चाललो होतो.

जावयाचे नाव लिम्बिकानी. त्याचे आणि मदालोचे घर त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होते. उंच, हसरा, बाजारातून गावापर्यंत सायकलवर माणसे बसवून आणायचा. दिवसभर उन्हात पायडल मारायचे आणि घरी येऊन हात धुऊन ताटावर बसायचे. सासूने पाठवलेले ताट उरवायचे नसते, म्हणून तो सगळे संपवायचा. त्याने संपवले म्हणून झेलिफा दुसऱ्या दिवशी गोळा मोठा करायची. सोबत कालवण एवढेसे, वाटीच्या तळाशी. भोपळ्याचा पाला, घेवडा हे रोजचे, घरातल्या बायकांचे खाणे. जावयासाठी वाळवलेल्या मासळीचा तुकडा.

पहिल्या वर्षी तो हसरा राहिला. दुसऱ्या वर्षी गप्प झाला. मग एके दिवशी सायकल चालवणारा लिम्बिकानी सायकल ढकलत घरी आला. दुसऱ्या दिवशीही ढकलतच आला. त्याचे गाल आत गेले. तो भिंतीला टेकून उभा राहायचा, बसायचा नाही.

झेलिफाची आई, नाम्बेवे आजी, माझ्या शेजारी चटईवर बसून भुईमूग सोलायची. आजीला नातजावयाशी बोलायची मुभा असते. नुसती मुभा नाही, थट्टा करायचा हक्कच. ती त्याला आपला नवरा म्हणायची.

"काय रे नवरोबा, तुझ्या सायकलला पाय दुखतात का? रोज तिला हाताला धरून आणतोस."

"चाक बिघडलंय, आजी."

"चाक बिघडलंय की चालवणारा? बस की जरा. म्हातारीशेजारी बसायला लाजतोस?"

"उभाच बरा आहे."

"मग उभ्या उभ्याच म्हातारा हो," आजी म्हणाली, पण त्याच्याकडे पाहत राहिली.

गावात कुजबुज सुरू झाली. जावयाला कोणी काही केले असेल. सासूच्या घरचे अन्न लागत नाही. नदीपलीकडून लिम्बिकानीच्या मामाने निरोप पाठवला: मुलगा वाळतो आहे, तब्येत सुधारली नाही तर मी त्याला घेऊन जाईन. झेलिफाने तो निरोप ऐकला आणि त्या दिवशी कण इतके कुटले की माझी चीर बोटभर वाढली. मदालो आईकडे पाहत होती. तिच्या पोटात बाळ होते, पाचवा महिना.

आणि मग ते घडले. गावात एका घरी अंत्यविधी होता, सगळे तिकडे गेले होते. अंगणात मी आणि कोंबड्या. लिम्बिकानी आला, त्याने चारी बाजूंना पाहिले आणि हळूच माझ्या ओठांवर बसला. माझे तोंड पोकळ आहे, मित्रांनो. कडेवर भार देऊन बसले की मध्ये काही टोचत नाही. त्याने डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला, जणू कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला बसायला जागा दिली होती. मला त्याचा राग आला नाही. एवढी वर्षे घाव सोसले, एक माणूस सोसायला काय जड?

पण आमच्याकडे उखळावर कोणी बसत नाही. उखळ घरधनिणीचे असते. त्याच्यावर बसणे म्हणजे तिच्या डोक्यावर बसणे. त्यातही जावयाने सासूच्या उखळावर!

झेलिफा डोक्याला बांधायचे फडके विसरली होती म्हणून परत आली. कोपऱ्यावरून वळली आणि थिजली. त्यानेही तिला पाहिले. झटकन उठावे तर उठवेना. ती ओरडू शकत नव्हती, कारण जावयाशी बोलायचे नसते. तो माफी मागू शकत नव्हता, कारण सासूशी बोलायचे नसते. तिने पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. तो माझ्यावरून कण्हत उतरला आणि खाली मान घालून निघून गेला. एवढ्या मोठ्या अपराधात एकही शब्द झाला नाही.

तिसऱ्या दिवशी अंगणात बैठक बसली. झेलिफाचा भाऊ झाकेयो मामा आणि नदीपलीकडचा मामा समोरासमोर स्टुलांवर बसले. झेलिफा दाराआड, लिम्बिकानी माझ्यापासून दोन हातांवर, उभा.

"झाकेयो, विचार त्याला," दाराआडून आवाज आला, "माझ्या घरात काय कमी पडलं म्हणून माझ्या डोक्यावर बसला?"

झाकेयो मामाने लिम्बिकानीकडे मान वळवली. "त्या विचारतात, काय कमी पडलं?"

"ऐकलं, मामा."

"ऐकलंस तरी मी सांगणारच. मग मी आलोय कशाला?"

"सासूबाईंना सांगा, काहीच कमी नाही. पीठ पांढरंशुभ्र असतं."

"तो म्हणतो, पीठ पांढरंशुभ्र असतं."

"मग उखळावर का बसला?"

लिम्बिकानी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. नदीपलीकडचा मामा खेकसला, "बोल की! इथं हे लोक तुला काय खाऊ घालतात ते तरी सांग."

तेव्हा चटईवरून नाम्बेवे आजी म्हणाली, "अरे, ओरडता कशाला? त्याला बसता येत नाही, एवढं दिसत नाही का तुम्हाला? शौचाला गेला की दोन खेपा रिकाम्या परत येतो. तिसऱ्या खेपेला रडून येतो. मी म्हातारी आहे, मी ते चालणं ओळखते. काय रे नवरोबा, खोटं आहे का?"

लिम्बिकानीने खालीच पाहत मान हलवली. खोटे नव्हते.

"पोट साफ होत नाही?" झाकेयो मामा चकित होऊन म्हणाला. "एवढ्यासाठी बैठक?"

"एवढ्यासाठी माणूस मरतो," आजी म्हणाली. "झेलिफा, कोंड्याचं पीठ कर."

दाराआडून उत्तर आले, "माझ्या घरात कोंडा शिजणार नाही. त्याला औषध आणा."

नदीपलीकडचा मामा उठला. म्हणाला, पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी येईन. पोरगा सायकलवर बसू शकला तर ठीक, नाहीतर माझ्याबरोबर येईल. मदालो आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज बंद पडला.

आजीने ऐकले नाही. कोंबड्यांना टाकलेला कोंडा ती चोरून उचलायची, चाळून त्याची पेज करायची आणि आपल्या नातजावयाला पाजायची. तिचे मन चांगले होते, पण अर्धेच औषध तिच्याजवळ होते. चौथ्या दिवशी लिम्बिकानी पोटाला गच्च धरून अंगणात वाकला. दुखणे दुप्पट झाले होते. आजी घाबरली. मदालोने त्याला सायकलवर आडवा टेकवला आणि ढकलत आरोग्य केंद्रात नेले.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा आजी माझ्याजवळच बसली होती. लिम्बिकानी उभ्यानेच तिला सांगू लागला.

"नर्सबाई म्हणाल्या, कोंडा चांगला. पालाही चांगला, घेवडाही चांगला, आंबा खाल्ला तर उत्तम. हे सगळं पोटात पूर्ण जिरत नाही, तेच त्याचं काम. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून पुढचं मऊ राहतं नि सरकतं. पांढऱ्या पिठात धरणारंच काही उरत नाही."

"मग कोंड्यानं दुखणं वाढलं कसं?"

"पाणी नव्हतं ना. त्या म्हणाल्या, भिंत लिंपायला मातीत गवत घालतोस, पण पाणी घातलं नाहीस तर काय होईल? सुकं ढेकूळ. तसंच झालं. दिवसभर उन्हात घाम गाळायचा नि पाणी प्यायचं नाही, मग शरीर आहे तेवढं पाणी आतूनच ओढून घेतं."

"आणि पाणी का पीत नाहीस, मेल्या? विहीर काय तुझ्या बापाची आटली?"

लिम्बिकानीने हनुवटीने पलीकडे दाखवले. शौचाची झोपडी झेलिफाच्या घरामागे आहे. तिकडे जायची एकच वाट, आणि ती झेलिफाच्या पडवीसमोरून जाते. तो गेला की तिला हातातले काम टाकून, तोंड झाकून आत जावे लागते. परत आला की पुन्हा. "दिवसातून किती वेळा त्यांना उठवू, आजी? पाणी कमी प्यायलं की कमी जावं लागतं. लग्न झाल्यापासून तसंच करतो."

आजी हसायला लागली. मग तिचे हसू अर्ध्यातच थांबले.

लिम्बिकानी आत गेल्यावर तिने झेलिफाला हाक मारली. झेलिफा माझ्या काठावर हात ठेवून उभी राहिली. आजीने सगळे सांगितले.

"माझा मान राखायला?" झेलिफा म्हणाली. "तो फार वेळा जात नाही, म्हणून मी चारचौघींत त्याची स्तुती करत होते."

"तू त्याचा मान राखायला सालं काढलीस, त्यानं तुझा मान राखायला पाणी सोडलं. मान उतू गेला की चूल विझते, पोरी."

"पाणी पिऊ दे त्याला. पण कोंडा नको, आई. कोंडा ताटात आला नि तो गेला. मी पाहिलंय."

आजीने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझा नवरा कोंड्यामुळं गेला नाही. त्याला जायचं होतं, नि खाणीवाले माणसं गोळा करत होते. गोळा पांढरा असता तरी तो गेलाच असता. कोंड्यानं त्या वर्षी काय केलं ते मी सांगते. तू जगलीस. मांडीवरची मदालो जगली. आता तिच्या पोटात आणखी एक आहे. त्याचा बाप पांढऱ्या पिठापायी घालवायचा का?"

झेलिफाचा हात माझ्या काठावर होता. तिने तो काठ इतका गच्च आवळला की माझ्या चिरेतला जुना भुसा खाली गळला.

सकाळी मी नेहमीप्रमाणे दाण्यांची वाट पाहत होते. झेलिफाने मक्याची टोपली डोक्यावर घेतली, माझ्याजवळ आली, थांबली आणि मला ओलांडून सरळ गिरणीकडे गेली. साल न काढता, कोंब न काढता. मित्रांनो, मला समजले. माझे शेवटचे काम संपले होते. ज्या पांढरेपणासाठी मी आयुष्यभर घाव खाल्ले, तो आता कोणाला नको होता. मला वाईट वाटले. हलकेही वाटले.

त्या दिवसापासून ताटातला गोळा भुरा झाला, ठिपक्या-ठिपक्यांचा, आणि आकाराने लहान. शेजारी शेंगदाण्याचा कूट घालून शिजवलेला भोपळ्याचा पाला वाटीभर, कधी घेवडा. त्याच दुपारी झेलिफा गवताच्या पेंढ्या घेऊन आली आणि तिने स्वतः एक कूड उभा केला, आपल्या पडवीपासून शौचाच्या झोपडीपर्यंत. आता पलीकडून कोण किती वेळा जातो हे कोणालाच दिसत नव्हते. मग तिने मला आडवे पाडले, लोळवत लोळवत लिम्बिकानीच्या दारापाशी नेले, उभे केले आणि माझ्या तोंडावर पाण्याने भरलेला मातीचा माठ ठेवला. माठाचे बूड गोल, माझे तोंड गोल. तो असा बसला, जणू सुताराने मला त्याच्यासाठीच कोरले असावे.

दुखणे एका दिवसात गेले नाही. पोटही थकलेले असते. पण बाजाराच्या आदल्या दिवशी नदीपलीकडचा मामा आला, तेव्हा लिम्बिकानी स्टुलावर बसलेला होता. थोडा तिरका, पण बसलेला. मामापुढे ताट आले. मामाने झाकण काढले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? उपासमारीचं वर्ष आलं की काय? जावयाला कोंडा घालतात इथं?"

गवताच्या कुडामागे झेलिफा उभी होती. मला तिची सावली दिसत होती, ती हललीसुद्धा नाही.

लिम्बिकानीने हात धुतले, ताटातला घास मोडला, बोटांनी गोल केला, पाल्यात बुडवला आणि खाल्ला. मग म्हणाला, "मामा, हे आमच्या घरचं पीठ आहे. जेवा."

मामाने हात धुतले. मग त्यानेही घास मोडला. जेवण झाल्यावर त्याने विचारले, "मग सायकलवर बसतोस का?"

"थोडा थोडा. चढाला उतरतो."

"चढाला मीही उतरतो," मामा म्हणाला, आणि संध्याकाळी एकटाच नदी ओलांडून गेला.

आता मी काही कुटत नाही. माझ्या चिरेत मुंग्यांनी घर केले आहे. मदालोचे बाळ माझ्या अंगाला धरून उभे राहायला शिकले. कोंबड्या पूर्वीइतक्या तुकतुकीत राहिल्या नाहीत, त्याला इलाज नाही.

मित्रांनो, थकलेल्या उखळाचे एवढेच ऐका. धान्याचे साल त्याच्या अंगावरच राहू द्या, ते तुमच्या उपयोगाचे आहे. ताटात पाला असेल तर तो बाजूला सारू नका. आणि तहान लागली तर कोण काय म्हणेल याची लाज धरून बसू नका. आपल्या घरात कोणी पाणी प्यायला संकोचत असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याची वाट आडोशाची करा. आणि एखादे जुने लाकूड दारात पडलेले दिसले तर लगेच चुलीत घालू नका. त्याच्या अंगी अजून एखादे काम उरलेले असते.

लिम्बिकानी उन्हातून येतो, सायकल टेकवतो आणि पेला माठात बुडवतो. बुडबुड आवाज होतो. कुडापलीकडे झेलिफा शेंगा सोलत असते. ती त्याच्याशी बोलत नाही, तो तिच्याशी बोलत नाही. पण पेला बुडाला की तिचे हात क्षणभर थांबतात. दुसऱ्यांदा बुडाला की पुन्हा चालू लागतात.